जिन्याखाली भिजत घातलेला गहू

परवा शाळेत शिकवून घरी आले, जिन्याशी चपला काढल्या आणि एक ओळखीचा आंबूस वास आला. जिन्याखाली निळी बादली होती, बादलीवर परात आणि परातीवर वजन म्हणून खलातला बत्ता. परात सरकवून पाहिलं तर आत गहू भिजत घातलेला. पाण्यावर बारीक फेस धरला होता, म्हणजे एक दिवस तरी होऊन गेला असावा. मी काही तो घातला नव्हता. मुलगी पुण्याला शिकायला गेलेली, सासूबाई भिवापूरकडे आपल्या गावी. घरात आम्ही दोघंच. म्हणजे हा उद्योग विलासचा, माझ्या नवऱ्याचा, आणि तोही मला न सांगता केलेला.

मार्च उतरणीला लागला की नागपुरात घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली येतात आणि गच्च्यांवर जुन्या साड्या चढतात. पापड, शेवया, सरगुंडे, कुरडया. दुपारी गल्लीतून चाललं तर वरून बायकांच्या बोलण्याचा नुसता गलका ऐकू येतो, माणूस एक दिसत नाही. अशा दिवसांत कुणाकडे गहू भिजला तर त्यात विचारण्यासारखं काही नसतं. आमच्याकडे असतं. विलासने गांजा सोडला तो अशाच एका कुरडयांच्या हंगामात, आणि सोडला तो बराचसा या निळ्या बादलीच्या जोरावर. त्याला काही वर्षं झाली. मधल्या दोन उन्हाळ्यांत तर आम्ही कुरडया केल्याच नाहीत, कारण आधीच्याच संपत नव्हत्या. आता त्यानं एकट्यानं गहू भिजत घातला, याचा अर्थ त्याला पुन्हा तलफ आली होती. परात जागेवर ठेवली, वर बत्ता ठेवला. मग मी चहा टाकला.

विलासची आणि माझी ओळख कॉलेजातली. गांजाची आणि त्याची ओळख त्याच्याही आधीची. मी चिडून सवत म्हणायचे तर तो म्हणायचा, "थोरली तेच आहे, तू धाकली." लग्नाआधी मला या सगळ्याची जरा गंमतच वाटली होती, हे खोटं कशाला बोलू? लग्नानंतर राग आला, आणि मग बऱ्याच संसारांत होतं तसं झालं, रागही रोजचा झाला.

तो मिहानमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. कामाला चोख. संध्याकाळी सहाला घरी, हातपाय धुवून चहा, आणि मग गच्ची. पाण्याच्या टाकीच्या सावलीला त्याची बाज टाकलेली असायची. या प्रकाराला आमच्या घरात नाव होतं, हवा खाणं. कुणी विचारलं की मी सांगायची, "वरते आहेत, हवा खाऊन राहिले." तास-दीड तासानं तो खाली यायचा. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, पैशांची उधळण नाही. शेजारणी म्हणायच्या, किती गरीब नवरा आहे गं तुझा. गरीब होताच. त्याला काहीही सांगा, तो छान हसायचा, मान हलवायचा, आणि सकाळी त्यातलं एक अक्षर त्याला आठवायचं नाही. माझ्या नवऱ्याच्या सगळ्या संध्याकाळी अशा गच्चीवर गेल्या. मला त्या परत हव्या होत्या. दुसरं काहीही नको होतं.

मनू, आमची मुलगी, तेव्हा शाळेत होती. एकदा ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "बाबाले काही सांगायचं असलं तर सहाच्या आत सांगावं लागते. मंग ते नसतात." तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. वाण्याचं दुकान किती वाजता बंद होतं हे सांगावं, तसं सांगितलं तिनं. विलास दाराशी बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात, असा तो बराच वेळ उभा राहिला. त्या दिवशीही तो गच्चीवर गेला, पण लवकर खाली आला आणि मला म्हणाला, "सुनंदा, मी हे बंद करतो."

हे वाक्य मी गणपतीत ऐकलं होतं, दिवाळीत ऐकलं होतं, नव्या वर्षाला तर ठरलेलंच. मी "बरं" म्हटलं आणि कणीक मळत राहिले.

या वेळी मात्र तो आपणहून एका समुपदेशक बाईंकडे गेला. भल्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं, ज्या कारणासाठी सोडायचं ते सतत डोळ्यांसमोर ठेवा. विलासने मोबाइलवर मनूचा फोटो लावला. पण संध्याकाळचे सहा वाजले की फोटो कामी येईना. तो फोटो बघायचा, मोबाइल उलटा ठेवायचा आणि या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. मोठी कारणं ही शोकेसमधल्या कपबशांसारखी असतात, असं माझं मत त्या दिवसांत झालं. घरात असावीत, पाहुण्यांना दिसावीत, पण रोजच्या चहाला त्यांचा उपयोग नाही.

पहिले दिवस वाईट होते. त्याला झोप लागेना. लागली तर घामानं चादर ओली व्हायची. ताट वाढलं की दोन घासांत उठायचा. आणि ज्या माणसानं इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता, तो मिक्सरच्या आवाजावरून, नळाच्या थेंबावरून, मनूच्या चपलेवरून भांडायला लागला. एकदा कूलरची खिडकी पुसता पुसता माझ्या तोंडून निघून गेलं, "गच्चीवर होता तोच बरा होता." तो ऐकून घेऊन म्हणाला, "मलेही तेच वाटून राहिलं." मग आम्ही दोघंही हसलो, पण मी घाबरले होते. त्याच रात्री सासूबाईंना फोन केला.

आई आल्या त्या गावाहून उमरेडमार्गे एसटीनं, एका हातात गव्हाची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिखटाचा डबा घेऊन. येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस कसा फुलला होता ते आधी सांगितलं, पाणी प्यायल्या, आणि मग लेकाकडे पाहिलं. त्या त्याला इलास म्हणतात.

"काहून गा इलास, एवढा वाळला?"

"ते सोडून राहिलो, आई."

"ते" म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. जरा वेळ पदरानं वारा घेत बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या कुरडया सरल्या असतीन ना वं?"

त्यांनी हे मुद्दाम केलं की नुसतं हंगाम म्हणून केलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मुद्दाम कायचं? कुरडया सरल्या होत्या." मी तो नाद सोडला.

ज्यांनी कुरडया केल्या नाहीत त्यांना सांगते. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं. मग तो वाटायचा, फडक्यातून पिळायचा, आणि निघालेला चीक रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचं पाणी काढून टाकायचं, आधणात चीक सोडायचा आणि मग हात थांबवायचा नाही. चाटू थांबला की गुठळी झाली. ऊन तापायच्या आत साच्यातून सगळ्या कुरडया पडल्या पाहिजेत. म्हणजे घरात एक माणूस असा लागतो ज्याच्या दंडात जोर आहे आणि ज्याला पहाटे झोप येत नाही. आमच्याकडे तसा माणूस तयारच होता.

पहिल्या दिवशी विलास कुरकुरत उठला. उठला म्हणजे जागाच होता. आई पाटावर बसून सूचना देत होत्या, "घोट गा. तळातून घोट. झोपला का?" स्वयंपाकघरात वाफ, हिंगाचा वास, आणि शिजत आलेल्या चिकाचा तो बुडबुड आवाज. चीक पारदर्शक झाला तेव्हा आईंनी एका वाटीत काढला, वर जवसाचं कच्चं तेल आणि भिवापुरी तिखट. विलासने वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि दुसरी मागितली. कित्येक दिवसांनी त्यानं काहीतरी मागून खाल्लं होतं. तिखटानं त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पाठ फिरवून साचा पुसत बसले.

मग बाजेचा प्रश्न आला. आईंनी वर जाऊन पाहिलं आणि टाकीच्या सावलीतली बाज ओढून भर उन्हात आणली, तिच्यावर आपलं जुनं लुगडं अंथरलं आणि कुरडया पाडायला सुरुवात केली. "माई जागा घेतली," विलास म्हणाला. "कुरडईले ऊन लागते, तुले सावली लागते. तू खाली बस," आई म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी सहाला तो सवयीनं वर गेला. बाजेवर ओळीनं कुरडया. बसायला जागा नाही. अर्धवट वाळलेल्या कुरडया हलक्या हातानं उलटवायच्या असतात, नाहीतर मोडतात. त्यानं सगळ्या उलटवल्या आणि खाली येऊन मनूला म्हणाला, "बोल, आज शाळेत काय झालं?" मनूनं घड्याळाकडे पाहिलं. मग बोलायला लागली. बोलत राहिली.

पुढच्या दिवसांत आणखी एक गोष्ट सुरू झाली, त्याची स्वप्नं. इतकी वर्षं त्याला स्वप्नं पडत नव्हती, किंवा आठवत नव्हती. आता सगळी साठलेली एकदम यायला लागली. पहाटे चाटू फिरवता फिरवता तो ती सांगायचा. माझे सासरे मिरच्यांचं पोतं घेऊन विमानात चढले आणि कुणी त्यांना जागा देईना. मी नवरीच्या वेषात सायकलचं पंक्चर काढत होते. आई पोट धरून हसायच्या. मी मात्र लक्ष देऊन ऐकायची. हा माणूस इतक्या वर्षांनी मला काहीतरी सांगत होता, आणि सांगितलेलं दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षातही राहत होतं.

धुळवडीच्या दिवशी घोटाळा झाला. समोरचे तिवारीजी दरवर्षी ठंडाई पाठवतात. आईंना वाटलं, दूध, बदाम, बडीशेप, उन्हाची थंड वस्तू, शिवाय त्यांच्या घरी महादेवाला दाखवून येते म्हणजे प्रसाद. त्यांनी आधी स्वतः पेलाभर घेतली, चवीची वाटली, आणि दुसरा पेला भरून लेकापुढे धरला.

"पी गा. अंगातली गरमी जाईन."

विलासने पेला हातात घेतला. वास घेतला. मी दारात रंगानं माखलेली उभी होते आणि मला सगळं कळलं होतं. तो पेल्याकडे इतक्या मायेनं बघत होता की मला त्याचा रागही येईना.

"आई, हे तेच आहे," तो म्हणाला.

"तेच म्हणजे?"

"मी वरते वढत होतो ना, त्याचाच पाला. भांग."

"परसादात?"

"परसादातच असते."

त्यानं पेला मोरीत ओतला आणि खूप वेळ विसळत राहिला. आईंचा पेला मात्र पोटात जाऊन बसला होता. दुपारभर त्या गच्चीवर कुरडयांपुढे बसून आपल्या लग्नात वरातीचा बैल कसा बसला ते सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्यानं हसत. विलासने त्यांना हात धरून खाली आणलं, लिंबूपाणी पाजलं, पायथ्याशी बसून राहिला. संध्याकाळी भांग उतरली. "म्या माया हातानं देल्लं असतं त्याले," एवढंच मला म्हणाल्या. उठल्या, आणि बादलीत गहू भिजत घातला. आदला घाणा अजून वाळायचा होता.

तेव्हापासून त्या हंगामभर आमच्या घरातली बादली रिकामी राहिली नाही. एक घाणा पडला की दुसरा भिजायचा. गहू भिजला की तीन दिवस माणूस बांधला जातो. पाणी बदलायचं आहे, वाटायचं आहे, पहाटे उठायचं आहे. आयुष्यभर सोडायचं, हे विलासला झेपण्यातलं नव्हतं. परवा पहाटे चीक घोटायचा आहे, एवढं त्याला जमत होतं. कुरडया शेजारी गेल्या, माझ्या शाळेत गेल्या, तिवारीजींकडे तर डबाभर गेल्या.

आणि तरीही एका संध्याकाळी तो कपडे बदलून म्हणाला, "दीपककडे जाऊन येतो." दीपक हा कॉलेजपासूनचा मित्र, जरीपटक्याला त्याचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. विलासच्या वाईट सवयी ज्याच्यासोबत लागल्या आणि मनूच्या जन्माच्या वेळी ज्यानं रक्त दिलं, तो हा दीपक. कशाला चालला ते मला कळत होतं. मी अडवलं नाही. अडवून थांबणारा असता तर कधीच थांबला असता. आई देवळात गेल्या होत्या, मनू शिकवणीला. मी ओट्याशी उभी राहिले आणि मला खूप एकटं वाटलं.

तेवढ्यात वारा सुटला. आपल्याकडे मार्च-एप्रिलात येतो तसा, धुळीचा, वळवाचा. पश्चिमेकडून काळं आभाळ आलं. मी वर धावले. बाज एकटीला उचलेना. टपोरे थेंब पडायला लागले, त्यांत एखादी गार. मी पदरात कुरडया गोळा करत होते, मोडत होत्या, आणि मी रडत होते, कुरडयांसाठी नाही. एवढ्यात खाली मोटारसायकल थांबली, जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि विलास वर आला. त्याच्यामागे धापा टाकत दीपक.

"त्या अंगानं धर," विलास त्याच्यावर ओरडला. दोघांनी बाज उचलून जिन्यात आणली. निम्म्या कुरडया भिजल्या होत्या.

दीपकनेच मग सांगितलं, टॉवेलनं डोकं पुसत. "वहिनी, पुडी हातात होती याच्या. आभाळ पाहिलं अन् म्हणते, अबे, कुरडया वाळत आहेत. म्या म्हटलं, घरी बायको नाही का तुले? तर म्हणते, तिच्यानं बाज नाही उचलत. पुडी मायाच खिशात टाकली अन् गाडीले किक मारली. मले काय, मागं बसाच लागलं."

मी विलासकडे पाहिलं. तो भिजलेल्या कुरडया एकेक करून ताटात ठेवत होता. मनूचा फोटो, माझी बोलणी, बाईंचा सल्ला, या सगळ्यांनी जे झालं नव्हतं ते कुरडयांनी केलं म्हणून मला हसू आलं. मग लक्षात आलं, त्याला आठवण कुरडयांची आली, पण बाज उचलत नाही ती माझी. इतक्या वर्षांत संध्याकाळी सहानंतर त्याला माझं काही आठवलं, ते हे. रात्री भिजलेल्या कुरडयांची कांदा घालून भाजी केली. दीपक दोनदा मागून जेवला.

हे सगळं परवा चहा पिता पिता आठवत होते, बादलीकडे बघत. मग आईंना फोन लावला. त्यांचे गुडघे आता इकडे यायला परवानगी देत नाहीत.

"त्याचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "चिकाले पाणी किती घ्याचं म्हणून इचारून राहिला होता."

"त्याले माहीत नाही का, आई?"

"पाठ आहे त्याले. पन इचारलं, तर म्या सांगतलं." मग म्हणाल्या, "तू काही इचारू नको वं. पाणी बदलवत जा."

मी विचारलं नाही. आज पहाटे बुडबुड आवाजानं जाग आली. विलास एकटाच गॅसपुढे उभा, एका हातानं चाटू फिरवत, दुसऱ्या हातानं पातेलं धरायची धडपड करत. केस पांढरे झालेत त्याचे. मी सांडशीनं पातेलं धरलं.

"उठली काहून?"

"पातेलं कोण धरीन?"

बराच वेळ तो घोटत राहिला. मग चिकाकडेच बघत म्हणाला, "मनू गेल्यापासून सहा वाजता घर लय मोठं वाटते. त्या दिवशी जरीपटक्याच्या वळणापर्यंत गेलो होतो."

"मंग?"

"मंग गहू घेऊन आलो."

मला रडू आलं. वाफ होती म्हणून निभावलं. "तळातून घोट," मी म्हटलं.

ऊन चढायच्या आत बाज भरली. तो आंघोळ करून कामावर गेला. मी डब्यांच्या फडताळात पाहिलं, जुन्या कुरडयांनी भरलेला एक पत्र्याचा डबा अजून तसाच होता. आम्हा दोघांना त्या जन्मभर पुरतील. मी बादली घासली, पिशवीतला उरलेला गहू निवडला, धुतला, भिजत घातला. वर परात ठेवली, परातीवर बत्ता.

संध्याकाळी सहाला विलास आला. जिन्याशी बूट काढता काढता थांबला, वाकून परात सरकवली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बादली उचलून पाणी बदलायला मोरीवर घेऊन गेला.